आपलं पान, आपल्या घरून

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राने एक काळा, चौकोनी संगणक जपून ठेवला आहे. नेक्स्ट कंपनीचा. त्याच्यावर एक कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर लाल शाईने, हाताने लिहिलेलं आहे: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. १९९० सालच्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जगातलं पहिलं वेब पान याच यंत्रावरून दिलं. कागद चिकटवणं भाग होतं. यंत्र त्यांच्या कामाच्या जागेतच होतं आणि येता-जाता कुणी बटण दाबलं असतं, तर त्या दिवसापुरतं सगळं वर्ल्ड वाइड वेब बंद पडलं असतं.

माझ्या मते वेबचा स्वभाव त्या कागदात आहे. एका माणसाच्या टेबलावरचं एक यंत्र, त्यावर त्याने लिहिलेलं पान, आणि ते वाचायला कुणाची परवानगी नको. बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येत होतं तसंच लिहिताही येत होतं. वाचणारा आणि लिहिणारा वेगळे असतील, असं त्यांनी धरलंच नव्हतं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही घ्यावं, आपल्या यंत्रावर चालवावं, शुल्क नाही. पुढची काही वर्षं जगभरच्या विद्यापीठांत नेमकं तेच झालं. विभागाच्या सर्व्हरवर प्रत्येकाला एक फोल्डर मिळायचं. पत्त्यात एक नागमोडी रेघ, तिच्यापुढे माणसाचं नाव, आणि उघडलं की त्याचं होम पेज: संशोधनाचा विषय, शोधनिबंध, मांजराचा फोटो, आवडत्या दुव्यांची यादी.

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या टोकाकडून आली. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते फोनच्या तारेवरून, मोडेमच्या किरकिराटातून येत होतं. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात तर नुसती अक्षरं दिसायची, चित्र नाही. फोन ठेवला की जोडणी संपली. घरातला संगणक चोवीस तास जगाला दिसत राहील, हे शक्यच नव्हतं. त्यामुळे इंटरनेट म्हणजे जाऊन बघायची जागा, अशीच आपली समजूत झाली. लिहायची वेळ आली तेव्हा आपण दुसऱ्यांच्या जागेत लिहिलं. आज घरात फायबर आहे, राउटर रात्रंदिवस चालू असतो, तरी ती समजूत गेलेली नाही.

दुसऱ्यांच्या जागेत लिहिलेल्याचं काय होतं, ते आपल्या पिढीने पाहिलं आहे. जिओसिटीजवर लक्षावधी लोकांनी आपापली पानं मांडली होती. याहूने ती कंपनी १९९९ साली विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. काही स्वयंसेवकांनी अखेरच्या महिन्यांत मिळेल तेवढं उतरवून घेतलं, म्हणून थोडंफार वाचलं. ऑर्कुट तर आपल्याला जास्त जवळचं. २००४ साली सुरू झालं, भारतात घरोघरी पोचलं, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी संपलं. तिथे किती मराठी मंडळींनी कवितांचे गट चालवले, गावांचे इतिहास लिहिले, गडांच्या वाटा सांगितल्या. ते आज शोधून सापडत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली केलेली पाहणी सांगते, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ही पानं कुणी रागाने पुसली असं नाही. जागा ज्याची होती त्याचा हिशेब बदलला, एवढंच.

म्हणून मी घरी सर्व्हर ठेवला आहे आणि या लेखात तो कसा उभा राहतो ते सांगणार आहे. संगणकाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, आणि वाचून समजून घ्यायची तयारी.

यंत्रापासून सुरुवात करू. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटच्या मापाचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला बाजारात आला आणि घरगुती सर्व्हरचं चित्रच बदललं. त्याच्या आजच्या भावंडांना साधं पान वाढायला पाच वॉटच्या आसपास वीज पुरते. पाच वॉट, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला ३.६ युनिट. पण नवं काही घ्यायलाच हवं असं नाही. माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप यापेक्षा थोडी जास्त वीज खाईल, पण त्याला स्वतःची बॅटरी असते आणि वीज गेल्यावर तो बंद पडत नाही. बॅटरी फुगलेली नाही ना, एवढं आधी बघावं. वीज गेली की राउटरही जातो, तेव्हा राउटरसाठी मिळणारा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रास्पबेरी पायवर मेमरी कार्डाऐवजी छोटी एसएसडी जोडलेली चांगली, कारण लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब होऊ शकतं.

यंत्रावर लिनक्स ही मोफत, खुली कार्यप्रणाली चढवायची. मी तिचा डेबियन हा प्रकार वापरते. मग पान देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे वेब सर्व्हर. अपाचे आणि एन्जिनएक्स ही दोन मोठी नावं, दोन्ही फुकट आणि खुली. अपाचेचा जन्म मला फार आवडतो. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी एक सर्व्हर लिहिला होता आणि बहुतेक सगळे तोच वापरत. १९९४ साली ते केंद्र सोडून गेले आणि काम थांबलं. जागोजागचे सर्व्हर सांभाळणारे लोक आपापल्या यंत्रावर आपापल्या दुरुस्त्या करत होते. १९९५च्या सुरुवातीला त्यांच्यातले आठ जण ईमेलवरून एकत्र आले, दुरुस्त्या एका जागी आणल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपाचे १.० बाहेर पडलं. पुढच्या एप्रिलपर्यंत ते जगातलं सर्वाधिक वापरलं जाणारं वेब सर्व्हर झालं होतं. एन्जिनएक्स पुढचं, २००४ सालचं. रशियातल्या इगोर सिसोयेव यांनी ते एकाच वेळी हजारो जोडण्या पेलण्यासाठी लिहिलं. घरगुती पानाला दोन्ही पुरून उरतात.

एका ओळीच्या आज्ञेने अपाचे बसतं. ब्राउझरमध्ये यंत्राचा घरातला पत्ता टाकला की डेबियनचं तयार पान उघडतं आणि ‘इट वर्क्स’ असे शब्द दिसतात. ते पान कुठून आलं हे शोधणं हा पहिला धडा. व्हार नावाच्या फोल्डरात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्याच्या आत एचटीएमएल, आणि त्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची एक फाइल. पत्त्यात पानाचं नाव दिलं नसेल तर सर्व्हर हीच फाइल काढून देतो. होम पेज म्हणजे ही फाइल. ती खोडा, आपली लिहा, झालं. पहिल्याच दिवशी बहुतेकांना भेटतो तो ‘४०३ फॉर्बिडन’ हा निरोप. सर्व्हर आपल्या नावाने चालत नाही, त्याचा वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता असतो. त्याला फाइल वाचायची मुभा हवी, आणि फाइलच्या वरच्या प्रत्येक फोल्डरातून जाण्याचीही. आपण फाइलचे अधिकार पुन्हा पुन्हा तपासत बसतो आणि अडचण दोन फोल्डर वर असते. हे कळलं की निम्मी डोकेदुखी जाते.

आता मराठीचं. इथे थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो.

पानावर ‘दिवाळी’ लिहिलं आणि ब्राउझरला ते कुठल्या सांकेतिक पद्धतीत आहे हे सांगितलं नाही, तर पडद्यावर ‘दिवाळी’ दिसेलच याची खात्री नसते. अनेकदा दिसते ती अठरा चिन्हांची माळ. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार पाय फुटलेलं वर्तुळ, मग काहीतरी तिसरं. पुन्हा तोच ए, पुन्हा ते वर्तुळ. शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या जागी ए, जपानी येनचं चिन्ह आणि युरोचं चिन्ह. हा गोंधळ दिसतो तेवढा आंधळा नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं. द, ऱ्हस्व वेलांटी, व, काना, ळ, दीर्घ वेलांटी ही सहा चिन्हं, म्हणून अठरा बाइट. देवनागरीचा पहिला बाइट कायम एकच, आणि तो जुन्या पाश्चात्त्य संकेतात तिरक्या रेघेचा ए असतो. दुसरा बाइट दोनपैकी एक: वर्तुळ किंवा येन. युनिकोडच्या तक्त्यात दीर्घ वेलांटीपासून पुढची चिन्हं येनच्या वाट्याला येतात. एकदा हे ध्यानात आलं की बिघडलेल्या पानाकडे नुसतं पाहूनही सांगता येतं, की मजकूर शाबूत आहे, फक्त वाचायची पद्धत चुकली आहे. उपाय एका ओळीचा. पानाच्या अगदी वर, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, हे यूटीएफ-८ आहे असं जाहीर करणारी मेटा खूण टाकायची. सर्व्हरच्या मांडणीतही तेच लिहून ठेवलं तर उत्तम.

ही यूटीएफ-८ पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर आखली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी मात्र आपल्याच मातीतली: ती १९८८च्या इस्की या भारतीय प्रमाणकावरून घेतली आहे. तरी मराठी वेबची पहिली वर्षं बहुतांशी यातलं काहीच न वापरता गेली. प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक संस्थेचा फाँट वेगळा. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. फाँट उतरवून घेतला नाही तर कचरा दिसायचा. त्या काळी छापलं गेलेलं ग्रंथालयात मिळतं, वेबवर टाकलेलं बरंचसं आज वाचता येत नाही. तो फाँट गेला आणि त्याबरोबर मजकूर गेला. घरच्या सर्व्हरवर जुना मजकूर चढवणाऱ्याने आधी तो युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तकं मिळतात, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी, तिथे हमखास घसरतं.

आणखी एक ओळ मराठी माणसाने विसरू नये. पानाची भाषा मराठी आहे हे सांगणारी ‘एमआर’ ही खूण. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे या खुणेमुळे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, असे चांगले खुले फाँट उपलब्ध आहेत. फाँटची फाइल परक्या सर्व्हरवरून न मागवता आपल्याच फोल्डरात ठेवावी. वाचक आपल्याकडे आला तर त्याची नोंद तिसऱ्याकडे का जावी?

इथपर्यंत पान घरातल्या घरात दिसतं. ते बाहेर जाताना खरी कसोटी लागते.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर जो पत्ता देतो तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो आणि घरापुरताच चालतो. जगाला दिसतो तो राउटरचा पत्ता. त्याच्या ८० आणि ४४३ या पोर्टांवर, म्हणजे वेबसाठी ठरलेल्या दारांवर, येणारी मागणी आतल्या सर्व्हरकडे पाठव, असं राउटरला सांगायचं असतं. त्याआधी सर्व्हरचा आतला पत्ता राखून ठेवायचा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलत नाही. हे केल्यावर माणूस उत्साहाने घरातूनच आपला बाहेरचा पत्ता उघडतो आणि समोर येतं राउटरचं लॉगिन पान. सर्व्हर चुकलेला नसतो. घरातून निघालेली मागणी बाहेर जाऊन परत आत यायला बरेच राउटर तयार नसतात. फोनचं वायफाय बंद करावं, मोबाइल डेटावरून बघावं. खरी परीक्षा तीच.

पण आज भारतात अनेकांची गाडी त्याच्याही आधी अडते. हे आकड्यांचे पत्ते आयपी या पद्धतीतले. तिच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आपल्या देशात ब्रॉडबँड आणि मोबाइल इंटरनेट पसरलं ते त्यानंतर. पत्ते पुरेनात, म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्या एक पत्ता असंख्य घरांत वाटून देतात. मोठ्या गृहसंकुलाच्या पत्त्यावर पत्र यावं आणि त्यावर फ्लॅट क्रमांकच नसावा, तसं होतं. आतून पत्र टाकता येतं, बाहेरून आलेलं कुणाला द्यायचं ते गेटवर कळत नाही. तुमचं असं आहे का ते तपासायला राउटरच्या माहितीच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असला तर तुम्ही वाटणीत आहात. हा टप्पा याच कामासाठी २०१२ साली राखून ठेवला गेला.

माझ्या घराला जोडणी देणाऱ्या स्थानिक केबलवाल्या मुलाला मी स्वतःचा, न बदलणारा, म्हणजे स्थिर पत्ता मागितला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “ताई, कॅमेरा बसवलाय का?”

“नाही रे, सर्व्हर ठेवायचाय. पान आहे माझं.”

“पान म्हणजे?”

मी फोनवर दाखवलं. त्याने ते वरून खाली पाहिलं आणि विचारलं, “हे इथून दिसणार? या डब्यातून?” मग म्हणाला, “आमच्याकडे स्टॅटिक मागतात ते सगळे कॅमेऱ्यासाठीच. होईल, पण वर्षाचे पैसे वेगळे.”

स्थिर पत्ता मिळत असेल आणि परवडत असेल तर तोच सगळ्यात सरळ मार्ग. नसेल तर दुसरा मार्ग आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा. तिच्यात पत्त्यांना तोटा नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला जगाला दिसणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो, आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी वाट मोकळी करावी लागते. ज्यांच्याकडे फक्त जुनी आवृत्ती आहे, अशा वाचकांना मात्र पान दिसत नाही. तिसरा मार्ग बोगद्याचा: घरचा सर्व्हर स्वतः बाहेरच्या एका भाड्याच्या छोट्या यंत्राशी कायमची जोडणी धरून ठेवतो, वाचक त्या यंत्राकडे येतात आणि तिथून आत. वायरगार्ड हे त्याचं सुटसुटीत साधन २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. काही मोठ्या कंपन्या हा बोगदा फुकट देतात. तो सोयीचा आहे, पण मग आपलं पान आणि वाचक यांच्यात पुन्हा एक कंपनी येऊन बसते, आणि बऱ्याच वेळा जे जातं ते तिला उघडं दिसतं. मी भाड्याचं यंत्र निवडेन.

आकड्यांचा पत्ता कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून नाव लागतं. इंटरनेटच्या आरंभी सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची नावांची व्यवस्था आखली, जिच्यात प्रत्येक जण आपापल्या नावाखालचा कारभार पाहतो. आपल्या डॉट इनचा कारभार बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून चालत होता. २००५च्या आरंभी तो निक्सी या संस्थेकडे गेला आणि नाव घेणं सर्वांना सोपं झालं. आज डॉट इन नाव साधारणपणे वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. देवनागरीत हवं तर डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४पासून आहे आणि त्यात मराठी, कोकणी दोन्ही बसतात. आतल्या आत यंत्रणा ते नाव एक्सएनने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलून घेते, आणि काही जागी तेच विचित्र रूप वाचकाला दिसतं. तरी घ्यावं. आपल्या लिपीतला पत्ता वापरात आला तरच ही बोळवण थांबेल. दोन्ही नावं एकाच यंत्राकडे वळवता येतात.

कुलुपाचं चिन्ह दाखवणारं प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावं लागे. डिसेंबर २०१५मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सगळ्यांना खुली झाली आणि तो खर्च संपला. प्रमाणपत्राची मुदत कमी असते, ते आपोआप नवं होईल अशी आज्ञा लावून द्यायची. हे काम थोड्या मिनिटांचं आहे. त्याचा एक परिणाम मात्र ठाऊक असावा: दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढतं, आणि ती वही वाचत बसलेली यंत्रं नव्या नावाचा पत्ता काढत लगेच हजर होतात.

सर्व्हर कुणाला काय दिलं त्याची नोंद ठेवतो. एका ओळीत मागणाऱ्याचा पत्ता, वेळ, काय मागितलं, उत्तराचा क्रमांक आणि किती बाइट गेले. नव्या सर्व्हरची वही उघडली की छातीत धस्स होतं. माझ्या यंत्रावर वर्डप्रेस नाही, तरी वर्डप्रेसच्या लॉगिनची मागणी. पासवर्ड ज्यात लिहिलेले असतात त्या लपवलेल्या फाइलची मागणी. डेटाबेसच्या पडद्याची मागणी. सगळ्यांना उत्तर ४०४, नाही. हे हल्लेखोर आपल्याला ओळखत नाहीत, ते प्रत्येक पत्त्यावर तीच यादी फिरवत जातात. साध्या एचटीएमएल पानात त्यांना शिरायला जागा जवळपास नसते, आणि घरगुती होम पेज साधं ठेवावं असं मी म्हणते त्याचं मोठं कारण हेच. ना डेटाबेस, ना लॉगिन. दुरून यंत्रात शिरायचा मार्ग पासवर्डाने न ठेवता फक्त चावीच्या फाइलने ठेवावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील असं करावं. आणि या यंत्रावर घरचे फोटो, बँकेची कागदपत्रं, काही म्हणजे काही ठेवू नये.

त्या गर्दीत माणूस कसा ओळखायचा? बहुतेक यंत्रं एक वस्तू मागून निघून जातात. माणसाचा ब्राउझर आधी पान मागतो, लगेच मांडणीची फाइल, मग मराठी फाँट, मग वरचं छोटं चिन्ह. एकाच पत्त्यावरून, एका-दोन सेकंदांत, चार ओळी. त्या चार ओळी एकाखाली एक दिसल्या, की बहुधा कुणीतरी खरोखर वाचायला आलं आहे. माझ्या यंत्रावरून, माझं लिहिलेलं. मला त्याचा आनंद दर वेळी होतो.

पानावर काय ठेवावं, याचं उत्तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर आहे. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाने मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर भाषांतली हजारो पुस्तकं तिथे मुलांसाठी मोफत ठेवली. दिखावा नाही. याद्या आहेत, दुवे आहेत, दाबलं की पुस्तक उघडतं. मराठी मजकुराचं वजनही नगण्य असतं. तीन हजार चिन्हांचा लेख म्हणजे फार तर नऊ हजार बाइट. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शेकडो लेख बसतात. जड असतात ते फोटोच, तेवढे लहान करून घ्यावेत. गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची, जुन्या स्मरणिकांचं लेखन, एखाद्या निवृत्त शिक्षकाने गोळा केलेल्या बोलीतल्या शब्दांची यादी, नाट्यमंडळाच्या प्रयोगांच्या नोंदी. जे आज व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं जातं आणि आठवड्यात वर सरकून नाहीसं होतं, ते सगळं अशा पानावर शोभेल, आणि सापडेलही.

घरचा सर्व्हर प्रत्येक कामाला योग्य नाही. रुग्णालयाच्या वेळा, परीक्षेचे अर्ज, पैशांचे व्यवहार असल्या गोष्टी घरच्या विजेवर आणि घरच्या तारेवर ठेवू नयेत. शहाण्याने तिथे पैसे देऊन भक्कम व्यवस्था घ्यावी. पण एक रात्र बंद राहिली तरी कुणाचं अडत नाही, अशी पानं आपल्याकडे कितीतरी आहेत, आणि नेमकी तीच परक्या जागेत नष्ट होतात. यंत्र जळालं तरी हरकत नाही. फोल्डरची एक प्रत दुसऱ्या तबकडीवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असली की नव्या यंत्रावर तासाभरात सगळं परत उभं राहतं. नाव आपलं असल्यामुळे वाचकाला काही बदललेलं कळतही नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला आपलं पान जतन करायला सांगता येतं, तेही सांगून ठेवावं.

संस्था चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. वाचनालय असो, मंडळ असो, शाळा असो, सर्व्हर पुढे कधीतरी ठेवा, भाड्याने घ्या, हवं तर सध्या जिथे आहात तिथेच राहा. पण नाव आजच तपासा. साइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर ते संस्थेच्या नावावर करून घ्या. खात्याचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या, तो कार्यकारिणी बदलली की पुढच्यांकडे द्या, आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. शक्य असेल तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरा.